लातूरच्या नोडवर अडलेली डाक: आउटबाउंड डिरेक्टरीतल्या नावांचं एक प्रकरण

लातूरमधला एक हौशी नोड, म्हणजे फिडोनेट या हौशी संगणक-डाकेच्या जाळ्यातलं एक ठाणं. जुन्या विंडोज संगणकावर चालणारी सगळी व्यवस्था रास्पबेरी पायवर हलवली. टॉसर (पत्रं वाटून बांधणारा प्रोग्राम) हस्कीचा एचपीटी, मेलर (दुसऱ्या नोडशी फाइलींची देवाणघेवाण करणारा प्रोग्राम) बिंकडी. हलवल्या दिवसापासून नोडवर येणं चालू आणि जाणं बंद. बाहेरची इकोमेल (सार्वजनिक चर्चेची डाक) येत होती, पॉइंटवाल्यांची, म्हणजे नोडखालच्या सदस्यांची, पत्रं नोडपर्यंत पोचत होती, पण नोडवरून एकही बंडल (पत्रांचा बांधलेला गठ्ठा) बाहेर पडत नव्हतं. बिंकडीच्या लॉगमध्ये दर वेळी सेशन नीट संपल्याची नोंद होती. त्याच ओळीत पाठवलेल्या फाइलींचा आकडा मात्र शून्य. तक्रार करणारी एकही ओळ नाही.

चूक असून लॉग गप्प, ही या प्रकरणाची खरी अडचण. आउटबाउंडमध्ये, म्हणजे बाहेर जाणारी डाक ठेवण्याच्या डिरेक्टरीत, फाइलीचं नाव हाच पत्ता असतो. चुकलेलं नाव 'चुकीचं' दिसत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाचं तरी बरोबर नाव असतं. लातूरच्या पत्रावर ४१३५१२ ऐवजी ४१३५१७ लिहिलं तर टपाल खात्यात कोणी हरकत घेत नाही; पत्र मुकाट्याने उदगीरला जातं. इथे तेच झालं, एकदा नाही, चार-पाच ठिकाणी.

आधी एक खुलासा. फाइलींची आणि डिरेक्टरींची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत असतात. नेट आणि नोड क्रमांक केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

मांडणी अशी. नोडचा मुख्य पत्ता ३:७७७/२६ (आधी झोन म्हणजे जाळ्याचा मोठा विभाग, मग नेट म्हणजे त्यातला गट, मग नोड). अपलिंक, म्हणजे ज्याच्यामार्फत डाक येते-जाते तो वरचा नोड, ३:७७७/१००. नोडखाली तीन पॉइंट: अंबाजोगाईचा .७, उदगीरचा .१२ आणि नांदेडचा .३१. शिवाय झोन २१ मधल्या दुसऱ्या एका हौशी जाळ्याची जोडणी, तिथला अपलिंक २१:५/१००. पॉइंटवाल्यांचं इंटरनेट मोबाइलवरचं, म्हणजे त्यांना बाहेरून कॉल करता येत नाही. ते स्वतः येऊन आपली डाक उचलतात. दर दोन तासांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दोन्ही अपलिंकना पोल, म्हणजे आपणहून कॉल.

नावं बनतात कशी

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये फिडोनेट सुरू केलं, त्यानंतर काही वर्षांतच बिंकलेटर्म हा मेलर आला आणि त्याची आउटबाउंड ठेवण्याची पद्धत सगळीकडे रुजली. आज ती एफटीएस-५००५ या मानकात लिहिलेली आहे. पद्धतीचं मूळ डॉसच्या मर्यादेत आहे: नावाला आठ अक्षरं, एक्स्टेंशनला तीन. नेट आणि नोड हे दोन्ही १६ बिटांचे आकडे. दशमानात लिहिले तर प्रत्येकाला पाच अंक लागू शकतात, दोघांचे मिळून दहा. आठात बसत नाहीत. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ) चार आणि चार, बरोबर आठ. म्हणून नाव हेक्समध्ये. ही सोय एकदा ध्यानात आली की पुढचं पाठ करावं लागत नाही.

अपलिंकचं नाव काढून पाहू. ७७७ ला २५६ ने भागलं की भागाकार ३, बाकी ९, म्हणजे ०३०९. १०० म्हणजे सहा वेळा १६ आणि वर ४, म्हणजे ००६४. दोन्ही जोडून ०३०९००६४. या अपलिंकसाठीच्या प्रत्येक फाइलीचं नाव हेच राहतं, बदलतं ते एक्स्टेंशन.

एक्स्टेंशन दोन जातींची. पत्रं थेट आत असलेलं पॅकेट असेल तर शेवट 'यूटी': साध्या डाकेला ओयूटी, तातडीच्या क्रॅशला सीयूटी, डायरेक्टला डीयूटी, रोखून ठेवलेल्या होल्डला एचयूटी, आत्ताच्या आत्ता पाठवायच्या इमिजिएटला आययूटी. दुसरी जात फ्लो फाइलींची, शेवट 'एलओ': एफएलओ, सीएलओ, डीएलओ, एचएलओ, आयएलओ. साध्या डाकेचं अक्षर पॅकेटला ओ आणि फ्लोला एफ, एवढी एकच विसंगती लक्षात ठेवायची. फ्लो फाइल ही साधी मजकुराची फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत पाठवायच्या फाइलीचा पूर्ण पाथ असतो आणि पुढे एक चिन्ह. ^ म्हणजे पाठवल्यावर पुसा, # म्हणजे पाठवल्यावर शून्य बाइटची करा, ~ म्हणजे ही ओळ सोडा, चिन्ह नसेल तर पाठवून तशीच ठेवा. फ्लो फाइल पूर्ण रिकामी असली तरी तिला अर्थ आहे: पाठवायला काही नाही, तरी कॉल करा. पोल म्हणतात तो हाच.

झोनचा क्रमांक फाइलीच्या नावात मावत नाही, तो डिरेक्टरीला जातो. मूळ झोनला नुसतं 'आउटबाउंड'. बाकी झोनना टिंब देऊन तीन हेक्स अंक: झोन २ ला आउटबाउंड.००२, आणि झोन २१ ला आउटबाउंड.०१५, कारण २१ म्हणजे एक सोळा आणि पाच.

पॉइंटला आणखी एक पायरी खाली जावं लागतं. बॉस नोडच्या (पॉइंट ज्याच्याखाली आहे त्या नोडच्या) नावाची, पीएनटी एक्स्टेंशन असलेली डिरेक्टरी, आणि तिच्यात पॉइंट क्रमांकाच्या आठ हेक्स अंकांची फाइल. उदगीरच्या पॉइंटची रोखलेली डाक म्हणून इथे सापडायला हवी: आउटबाउंड, मग ०३०९००१ए.पीएनटी, मग ०००००००सी.एचएलओ.

अमिगा संगणकांवर वेगळी पद्धत होती: झोन, नेट, नोड, पॉइंट टिंबांनी वेगळे करून दशमानातच आणि सगळं एकाच डिरेक्टरीत. वाचायला ती सोपी यात शंका नाही. पण एक प्रोग्राम तिच्यावर आणि दुसरा बिंकलेच्या पद्धतीवर ठेवला तर दोघांना एकमेकांची डाक कधीच दिसणार नाही.

पहिला थर: बिनशेपटीची डिरेक्टरी कोणाची

तपासाची सुरुवात कॉन्फिगरेशन वाचण्यापासून करू नये. वाचताना आपल्याला हवं तेच दिसतं. प्रोग्रामकडूनच वदवून घ्यावं. बिंकडीला अपलिंकसाठी पोल तयार करायला सांगायचं आणि रिकामी फ्लो फाइल कुठे उगवली ते फाइंडने (फाइली शोधणाऱ्या आज्ञेने) पाहायचं. मग त्याच अपलिंकला एक नेटमेल (एकाने एकाला लिहिलेलं खासगी पत्र) लिहून टॉसर चालवायचा आणि त्याची फाइल कुठे पडली ते पाहायचं. दोन्ही जागा एक नसतील तर बाकीचं काही बघायची गरज नाही.

इथे बिंकडीची पोल फाइल आउटबाउंड.००३ मध्ये उगवली आणि टॉसरची फाइल नुसत्या आउटबाउंडमध्ये. हस्की पहिल्या लिहिलेल्या पत्त्याचा झोन मूळ मानतो. पहिला पत्ता ३:७७७/२६, म्हणून झोन ३ ची डाक बिनशेपटीच्या, म्हणजे टिंबापुढे अंक नसलेल्या, डिरेक्टरीत. बिंकडीच्या डोमेन ओळीत (जाळ्याचं नाव, आउटबाउंडची जागा आणि मूळ झोन सांगणारी कॉन्फिगमधली ओळ) मात्र शेवटचा आकडा २ होता. नमुन्याची कॉन्फिग फाइल युरोपातली, तिथला झोन २. नोडचालकाने पत्ता बदलला, पासवर्ड बदलला, पाथ बदलला आणि हा एक अंक तसाच राहिला. त्यामुळे बिंकडीच्या लेखी बिनशेपटीची डिरेक्टरी झोन २ ची, आणि तिच्यात साठत गेलेली ०३०९००६४ ही डाक २:७७७/१०० या पत्त्याची. असा नोड कॉन्फिगमध्ये नव्हता म्हणून तिने कोणाला कॉल केला नाही आणि तक्रारही केली नाही.

एक धोका थोडक्यात टळला. बिंकडीमध्ये डेफनोड ही सोय चालू असती तर कॉन्फिगमध्ये नसलेल्या पत्त्यासाठीही ती डीएनएसमध्ये नाव शोधते, एफ१००.एन७७७.झेड२.बिंकपी.नेट या साच्याचं. असा नोड खरोखर असता तर लातूरची डाक भलत्याच खंडात जाऊन पडली असती.

दुरुस्ती एका अंकाची: २ च्या जागी ३. त्यानंतर अंबाजोगाईच्या पॉइंटला साठलेलं सगळं मिळालं.

दुसरा थर: झोन २१

इथे नोडचालकाने आधीच हात घातला होता, आणि त्यातून गुंता वाढला. आउटबाउंड.०१५ ही डिरेक्टरी त्याला दिसली. झोन १५ शी आपला संबंध नाही, म्हणजे हा जुन्या यंत्राचा कचरा असणार, असा त्याने अर्थ लावला. आतल्या फाइली बाहेर काढून त्याने स्वतःच्या हाताने आउटबाउंड.०२१ बनवली आणि त्या तिथे ठेवल्या. टॉसरने पुढच्या फेरीत ०१५ पुन्हा बनवली, त्याने ती पुन्हा रिकामी केली. हेक्समधलं ०२१ म्हणजे ३३. डाक झोन ३३ ची होऊन बसली.

एवढं करूनही काही जाईना, तेव्हा त्याने बिंकडीच्या दुसऱ्या डोमेन ओळीत मूळ झोन म्हणून २१ लिहिलं. दिसायला हे अगदी योग्य वाटतं: जाळं झोन २१ चं, तर आकडा २१. पण त्या आकड्याचा अर्थ 'या जाळ्याचा झोन' असा नाही. 'बिनशेपटीच्या डिरेक्टरीत कोणत्या झोनची डाक असते', एवढंच तो सांगतो. दोन्ही डोमेन एकाच आउटबाउंडकडे बोट दाखवत असतील तर दोन्ही ओळींत तो आकडा एकच हवा, इथे ३. मग झोन २१ साठी बिंकडी आपोआप ०१५ मध्ये पाहते, आणि टॉसर तिथेच लिहीत असतो.

२१ तसंच ठेवलं असतं तर बिनशेपटीच्या एकाच डिरेक्टरीवर झोन ३ आणि झोन २१ अशा दोघांनी हक्क सांगितला असता. ०३०९००६४ म्हणजे ३:७७७/१०० की २१:७७७/१००, हे नावावरून कळायला मार्ग उरत नाही. या नोडवर दोन अपलिंकचे नेट क्रमांक वेगळे, ७७७ आणि ५, म्हणून अदलाबदल झाली नाही. प्रत्येक जाळ्याला स्वतंत्र आउटबाउंड देणं जास्त स्वच्छ, पण ते टॉसर आणि मेलर दोघांनाही जमत असेल तरच करावं. एकाने मानलं आणि दुसऱ्याने नाही, तर पुन्हा पहिल्या थरावर यावं लागतं.

०२१ मधल्या फाइली परत ०१५ मध्ये नेताना एक खबरदारी घ्यावी लागली. दोन्हीकडे ०००५००६४.एफएलओ होती आणि दोन्हीकडे ०००५००६४.ओयूटीही होती. फ्लो फाइली मजकुराच्या, त्या एकीखाली एक जोडता येतात. फक्त आतले पाथ ०२१ कडे बोट दाखवत नाहीत ना, एवढं पाहायचं. ओयूटी अशा जोडता येत नाहीत. ते पॅकेट असतं: सुरुवातीला ५८ बाइटचं शीर्षक, मग पत्रं, शेवटी दोन शून्य बाइट. एकापुढे एक चिकटवलं तर समोरचा टॉसर पहिल्या पॅकेटच्या शेवटच्या शून्यांवर थांबेल आणि दुसऱ्यातली पत्रं कोणाच्या नकळत जातील. बरोबर मार्ग असा: एका ओयूटीला आठ हेक्स अंकांचं, आजवर न वापरलेलं नाव आणि पीकेटी एक्स्टेंशन द्यायचं, ती वेगळ्या डिरेक्टरीत ठेवायची आणि तिचा पूर्ण पाथ ^ चिन्हासह ०००५००६४.एफएलओ मध्ये लिहायचा. हे सगळं करण्याआधी बिंकडी आणि टॉसर दोन्ही बंद.

पॅकेट नक्की कोणाचं याची शंका आली तर नावावर विसंबू नये, आत पाहावं. हेक्स डंपमध्ये शून्यापासून मोजत बाइट २ आणि ३ म्हणजे ज्याला जायचं तो नोड, २२ आणि २३ म्हणजे नेट. झोन सांगणाऱ्या पॅकेटात तो ३६ आणि ३७ वर असतो, आणि टाइप-२-प्लस पॅकेटात पॉइंट ५२ आणि ५३ वर. धाकटा बाइट आधी येतो. म्हणजे नोड १०० असेल तर आधी ६४, मग ००.

तिसरा थर: सातला मिळतं, बाराला नाही

इकोमेल आता तिन्ही पॉइंटना जाऊ लागली. पण नोडवरून रोज एक फाइल पॉइंटना जायची व्यवस्था होती, नोडचालकाने स्वतः लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमधून. ती फक्त अंबाजोगाईला पोचायची. उदगीर आणि नांदेड कोरडे.

दहाच्या आतले पत्ते सुरळीत आणि पुढचे अडलेले, हे लक्षण दिसलं की दशमान आणि हेक्सची गल्लत समजावी. शून्य ते नऊ दोन्हीकडे सारखे दिसतात. स्क्रिप्ट लिहिताना नोडचालकाने डिरेक्टरीत डोकावून पाहिलं, तिथे ०३०९००१ए.पीएनटी आणि आत ०००००००७.एचएलओ दिसली. डिरेक्टरीचं नाव त्याने जसंच्या तसं उचललं. फाइलीच्या नावाबद्दल त्याचा तर्क: पॉइंट क्रमांकाआधी शून्यं भरून आठ अंक करायचे. सातासाठी तो बरोबर ठरला. बारासाठी ००००००१२ बनली, जी पॉइंट १८ ची. एकतीससाठी ००००००३१, जी पॉइंट ४९ ची. असे पॉइंट नोडवर नाहीत, म्हणून फाइली कोणी न्यायला आलंच नाही.

दुरुस्ती प्रिंटएफच्या साच्यात: %०८डी च्या जागी %०८एक्स. एक्स लहान लिपीतलाच हवा. मोठा लिहिला तर हेक्समधली अक्षरं मोठी छापली जातात आणि त्याचा त्रास पुढच्या थरात दिसेलच. शेलमध्ये आणखी एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. यादीत पॉइंट क्रमांक ०१२ असा पुढे शून्य लावून लिहिलेला असेल, तर प्रिंटएफ त्याला अष्टमान समजतं आणि दहा धरतं. नाव बनतं ०००००००ए. म्हणून यादीत क्रमांक नेहमी शून्याविना.

स्क्रिप्टमध्ये एचएलओ वापरलं होतं, ते मात्र योग्य. मोबाइलच्या इंटरनेटवर बसलेल्या पॉइंटला एफएलओ किंवा सीएलओ दिली तर मेलर त्याला कॉल करायचे व्यर्थ प्रयत्न करत राहतो. होल्ड म्हणजे 'येईल तेव्हा दे'. मराठवाड्यातल्या बहुतेक पॉइंटना तेच शोभतं.

चौथा थर: कुलूप आणि झाडू

पुढच्या आठवड्यात लातूरला वीज गेली, रास्पबेरी पाय बंद पडला, परत चालू झाला. त्यानंतर मुख्य अपलिंककडे कॉल होईना. झोन २१ चं मात्र व्यवस्थित. आउटबाउंडमध्ये ०३०९००६४.बीएसवाय पडलेली होती.

बीएसवाय हे कुलूप. ज्या पत्त्याची बीएसवाय दिसेल, त्या पत्त्याच्या कोणत्याही फाइलीला दुसऱ्या प्रोग्रामने हात लावायचा नाही. टॉसर बंडलमध्ये भर घालतोय आणि मेलर तेच बंडल पाठवतोय, असं होऊ नये म्हणून ही रीत. सेशनच्या मध्यात वीज गेली की कुलूप लावणारा संपतो आणि कुलूप राहतं. बिंकडीमध्ये किल-ओल्ड-बीएसवाय ही ओळ आहे. तिथे १२ तास लिहिले की त्याहून जुनी कुलुपं ती स्वतः काढते. ज्या गावात वीज बेभरवशाची, तिथे ही ओळ हवीच. शिवाय पाय चालू होतानाच, बिंकडी सुरू करण्याआधी, सगळ्या बीएसवाय पुसणारी एक ओळ बूट स्क्रिप्टमध्ये घालावी. त्या क्षणी कोणतंही कुलूप जिवंत असू शकत नाही. सीएसवाय हे कॉल चालू असल्याचं कुलूप, त्यालाही तेच लागू. ट्राय आणि एचएलडी या फाइली मात्र ठेवाव्या. पहिलीत फसलेल्या प्रयत्नांची नोंद असते, दुसरीत कोणत्या वेळेपर्यंत कॉल करायचा नाही ते.

या निमित्ताने क्रॉन उघडला तेव्हा त्यात एक झाडू सापडला. तासाला एकदा चालणारी ओळ, आउटबाउंडमधल्या शून्य बाइटच्या सगळ्या फाइली पुसणारी. हेतू जागा आवरण्याचा. पण आउटबाउंडमध्ये रिकाम्या फाइलीही कामाच्या असतात, आणि या एका ओळीने तीन गोष्टी मोडल्या होत्या. रिकामी फ्लो फाइल म्हणजे पोल. बिंकडीची नजर पडण्याआधी झाडू फिरला की पोल नाहीसा. रिकामी बीएसवाय म्हणजे जिवंत कुलूप. ते चालू कामाच्या मध्यात निघून जायचं. अडून बसलेल्या मेलेल्या कुलपात प्रोसेस क्रमांक लिहिलेला होता, म्हणून ते रिकामं नव्हतं आणि झाडूतून वाचलं. म्हणजे जायला नको ते जात होतं आणि जायला हवं ते राहत होतं.

तिसरी गोष्ट बंडलांची, आणि ती जरा खोलात समजून घेण्यासारखी आहे. इकोमेलच्या बंडलचं नाव जुन्या रीतीने दोन पत्त्यांमधल्या फरकावरून बनतं: पाठवणाऱ्याचा नेट वजा घेणाऱ्याचा नेट, तसंच नोड. ७७७ वजा ७७७ म्हणजे ००००. २६ वजा १०० म्हणजे उणे ७४. १६ बिटांत एफएफबी६. बंडल म्हणून ००००एफएफबी६, आणि एक्स्टेंशन वाराची इंग्रजी पहिली दोन अक्षरं अधिक एक क्रमांक: सोमवारचं पहिलं एमओ०, दुसरं एमओ१. बंडल गेलं की # चिन्हामुळे त्याची शून्य बाइटची फाइल होऊन जागेवरच राहते. ती रिकामी फाइल टॉसरला सांगते की एमओ० आज वापरून झालं, पुढचं एमओ१. झाडूने ती उचलली की त्याच सोमवारी दुसरं एमओ० बनतं. पलीकडे पहिलं अजून इनबाउंडमध्ये (आलेल्या डाकेच्या डिरेक्टरीत) पडून असेल तर आलेल्याला दुसरं नाव द्यायचं की जुन्यावर लिहायचं, हे समोरच्या प्रोग्रामवर राहतं. झेडमोडेमच्या (फोनवरून फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) काळात याहून वाईट व्हायचं. अर्धवट आलेलं एमओ० इनबाउंडमध्ये, आणि त्याच नावाचं नवं बंडल 'उरलेला भाग' समजून त्याच्यापुढे जोडलं जायचं. अर्काइव्ह उघडायचंच नाही. लातूरच्या नोडची बंडलं अपलिंकने लगेच उचलली होती, म्हणून पत्रं वाचली.

झाडूची ओळ काढून जागी नेमकी ओळ घातली: वारावरून एक्स्टेंशन असलेल्या, शून्य बाइटच्या, दोन दिवसांपेक्षा जुन्या आणि कोणत्याही फ्लो फाइलीत उल्लेख नसलेल्या फाइलीच पुसायच्या. हस्कीत बंडलच्या नावाची पद्धत बदलता येते, वेळेवरून नाव देण्याची सोय आहे. ती घेतली तरी चालतं. पत्ता फ्लो फाइलीच्या नावात असतो, बंडलच्या नावात नाही.

उरलेलं: मोठ्या अक्षरांची डिरेक्टरी

नांदेडच्या पॉइंटने शेवटी विचारलं, की यंत्र हलवायच्या आदल्या दिवशीची नेटमेल कुठे आहे. ती होती. जुन्या डिस्कवरून आउटबाउंड जसंच्या तसं कॉपी केलं होतं आणि तिथे डिरेक्टरीच्या नावातली सगळी अक्षरं मोठी होती. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नाही, लिनक्सला आहे. टॉसरने लहान अक्षरांतली ०३०९००१ए.पीएनटी नवी बनवली, आणि जुनी मोठ्या अक्षरांतली तिच्याशेजारी उभी. यादीत दोन्ही ओळी एकाखाली एक दिसत होत्या, पण डोळा त्यांना एकच समजून पुढे सरकत होता. काही प्रोग्राम शोधताना दोन्ही चालवून घेतात, काही घेत नाहीत. त्यावर अवलंबून राहू नये, सगळं लहान अक्षरांत आणावं. आधी फाइलींची नावं, मग डिरेक्टरींची; उलट केलं तर चालू पाथ मध्येच तुटतात.

नाव सुधारूनही फ्लो फाइली चालल्या नसत्या. त्यांच्या आत सी:\एफटीएन\आउटबाउंड\ अशा सुरुवातीचे पाथ होते. सेडने (मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने) सुरुवातीचा भाग बदलायचा, उलट्या रेषा सुलट्या करायच्या, ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न काढायचं आणि पाथमधली अक्षरं प्रत्यक्ष फाइलीशी जुळवायची. ओळीच्या सुरुवातीचं ^ किंवा # या झटापटीत पुसलं जाणार नाही हे पाहायचं. ते गेलं तर बंडल पाठवल्यावर जागेवरच राहतं.

पत्राच्या मजकुरात मराठी खुशाल लिहावी, पत्राचा अक्षरसंच सांगणाऱ्या सीएचआरएस ओळीत यूटीएफ-८ सांगितलं की आधुनिक वाचक-प्रोग्राम ती दाखवतात. फाइल-डिरेक्टरींच्या नावात मात्र हेक्सचे सोळा अंक आणि ठरलेली एक्स्टेंशन, याखेरीज काही नको.

अनोळखी नावाची यादी

या पाच दुरुस्त्यांनंतर डाक वाहू लागली, पण पुढच्या वेळी अशीच चूक झाली तर लॉग पुन्हा गप्पच राहणार. म्हणून नोडवर एक छोटी तपासणी बसवली. बरोबर नावाची व्याख्या करायची नाही. आठ हेक्स अंकांचं प्रत्येक नाव कोणाचं तरी बरोबर असतंच. त्याऐवजी आपल्या दुव्यांची नावं हेक्समध्ये लिहून ठेवायची. या नोडला ती पाचच आहेत:

आउटबाउंडमध्ये ०३०९००६४
०३०९००१ए.पीएनटी मध्ये ०००००००७
तिथेच ०००००००सी
तिथेच ००००००१एफ
आउटबाउंड.०१५ मध्ये ०००५००६४

रोज रात्री फाइंडने आउटबाउंडने सुरू होणाऱ्या सगळ्या डिरेक्टरी चाळायच्या. फ्लो, पॅकेट, कुलूप किंवा आरईक्यू (फाइल मागणारी) यांपैकी एक्स्टेंशन असलेली आणि या पाचांत नसलेली प्रत्येक फाइल, तसंच या मांडणीत नसलेली प्रत्येक डिरेक्टरी, नोडचालकाला नेटमेलने कळवायची. कळवताना नावाचा दशमानातला पत्ता सोबत द्यायचा: '३३:५/१०० साठी डाक पडून आहे'. आउटबाउंड.०२१ वाचून मनात २१ येतो. ३३ समोर दिसला की हात थांबतो. मुद्दाम दुसऱ्या नोडला नेटमेल लिहिली तर तिचंही नाव या यादीत येतं, ते वाचून सोडून द्यायचं.

दुवा वाढला की आधी या यादीत ओळ घालायची, मग टॉसर आणि मेलरमध्ये, आणि शेवटी पहिल्या थरातली चाचणी: बिंकडीचा पोल आणि टॉसरची नेटमेल एकाच डिरेक्टरीत उतरतात का ते पाहायचं. नव्या पॉइंटला क्रमांक देताना नऊच्या पुढचा द्यावा, १० किंवा ११ सुद्धा चालेल. नावात पहिल्या दिवसापासून ए किंवा बी आलं की कोणती स्क्रिप्ट दशमानात लिहिते आहे ते त्याच दिवशी कळतं.